इशारा होता, हुकूम कोणाचा?

गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्र दुर्घटनेनंतर धावून जायला शिकला, हे आधी मान्य करायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आपत्तीसाठी वेगळे दल नव्हते, कायदा नव्हता. सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर हादऱ्यात फुटले की वरची सगळी माती झोपलेल्यांच्या अंगावर येत होती. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, जिल्ह्यांचे आराखडे तयार झाले, डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला आणि पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची बटालियन आली. ही कमाई मोठी आहे. पण या आराखड्यांत एक रकाना आजही कोरा आहे. धोका दिसू लागल्यापासून घटना घडेपर्यंतच्या काही तासांत ‘उठा, निघा’ असे कोणी म्हणायचे आणि कशाच्या आधारावर, हे आपण ठरवलेलेच नाही.

भूकंपाबाबत ही तक्रार करता येणार नाही. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये धक्के जाणवले होते, तरी भूकंप केव्हा होईल हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हते, आजही सांगू शकत नाही. तिथे उपाय होता तो घरे मजबूत करण्याचा. पावसाचे तसे नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. उपनगरे बुडत असताना दक्षिण मुंबईतून दुपारी लाखो लोक घराकडे निघाले आणि वाटेत अडकले, काही गाडीतच गुदमरले. त्यांना कचेरीतच थांबवणारा एक अधिकृत शब्द वेळेवर आला असता तर? मुंबईने त्यातून धडा घेतला. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, पालिकेचा नियंत्रण कक्ष सक्षम झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळून शेकड्याने माणसे गाडली गेली. त्यांच्या वाट्याला मात्र मुंबईइतका विचार आला नाही.

परिणाम पुढच्या वर्षांत दिसतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, १५१ जण दगावले, आणि गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर पोचली ती तिथे नित्याच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ ला त्याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो याच दिवसांत. रायगड जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा इशारा होता, जिल्ह्याचा आराखडा होता, सोळा वर्षांपूर्वीचा तालुक्याचा अनुभव होता. गाव मात्र घरातच होते. महाड पाण्यात असल्याने मदत पोचायलाही दुसरा दिवस उजाडला. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर गाडीरस्ता नसल्याने यंत्रे नेता आली नाहीत. सरकारने तेव्हा सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे आपली सारी तयारी यादीवर उभी होती, आणि डोंगर यादी पाहून कोसळत नाही.

कामाच्या जागीही हेच घडते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येत असल्याचे दोन-तीन दिवस आधीपासून जाहीर होते. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांची राहण्याची सोय असलेला पी-३०५ हा बार्ज तरीही किनाऱ्याकडे आला नाही. नांगर तुटले, १७ मेला तो बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, सत्तरहून अधिक गेली. काम कोणाचे, बार्ज कोणाचा, कंत्राट कोणाचे आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, यावर नंतर बरीच बोटे एकमेकांकडे वळली. हा प्रश्न वादळापूर्वी एका ओळीत सोडवता आला असता: वाऱ्याचा अंदाज अमुक वेगापलीकडे गेला की अमुक पदावरचा माणूस काम बंद करील आणि त्याला कोणी विचारणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वादळ दोन दिवस आधी दिसते, दरड सांगून येत नाही. नेमका क्षण कळत नाही हे खरे. पण सह्याद्रीतली दरड बहुधा सलग, मुसळधार पावसाच्या पाठीवर येते आणि अनेकदा खुणा दाखवते. घरामागच्या उतारावर भेग पडते, विजेचे खांब कलतात, दार चौकटीत अडू लागते, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येते किंवा तो अचानक आटतो. या खुणा सर्वांत आधी वाडीतल्या माणसाला दिसतात. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण घाटात एका मंडळातही पायथ्याचा आणि माथ्याचा पाऊस सारखा नसतो, म्हणून वाडीत स्वतःचा पर्जन्यमापक हवा. तो महागडे यंत्र नाही, खुणा केलेले भांडे आहे. रोज सकाळी आकडा लिहिणारा एक माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहा वेळा हलवले आणि दरड आली नाही, तर अकराव्या वेळी कोण निघेल? शिवाय चुकीचा हुकूम दिला म्हणून तहसीलदाराने शिव्या खायच्या का? कायद्याने दुसऱ्या भीतीचे उत्तर दिलेले आहे: सद्‌भावनेने केलेल्या कृतीला त्यात संरक्षण आहे. पहिल्या भीतीचे उत्तर ओडिशाने दिले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार लोक मेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळपास दहा लाख माणसे हलवली गेली आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले. तिथलेही लोक गरीबच आहेत, त्यांनाही गुरे आणि घर सोडवत नाही. पण आपण गेलो तर तिथे छप्पर आहे, अन्न आहे आणि परतल्यावर सामान जागेवर असेल, हा भरवसा त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने आला.

आपल्याकडे असा भरवसा उभा करायचा तर दर मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत वाडीनिहाय निर्णय व्हायला हवेत. किती मिलिमीटर पावसाला हलायचे? पोलीस पाटील किंवा वाडीने निवडलेल्या दोघांच्या सांगण्यावरून, वरून आदेशाची वाट न पाहता, हलता येईल का? जिल्हा परिषदेच्या शाळेची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असेल, तिथे वीज गेली तर काय, संडास किती? म्हातारीला डोंगरावरून पाठीवर कोण आणणार? गुरांचा चारा कुठे? आणि मजुरी. पावसाळ्यात भातलावणीच्या चार दिवसांवर वर्षाचे पोट अवलंबून असते. ज्या दिवशी सरकारच्या सांगण्यावरून घर सोडले त्या दिवसाची मजुरी, दरड आली किंवा न आली तरी, सरकारने द्यायला हवी. दुर्घटनेनंतर वारसांना लाखोंची मदत जाहीर होते आणि ती द्यायलाच हवी. चाळीस घरांच्या वाडीची पाच दिवसांची मजुरी त्यापुढे किती भरेल, हा हिशेब कोणत्याही तहसील कचेरीत अर्ध्या तासात होईल.