अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि भंडारा जिल्ह्यातल्या धान उत्पादकाचा मोबाइल हे शेतीचंच एक अवजार झालं. धुऱ्यावर उभं राहून पिकाचा फोटो अपलोड करतानाच फोन बंद पडला, तर सातबाऱ्यावरची पीक नोंद अडते आणि पुढे धान विकताना धावपळ होते. त्याच ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, अडकतात, दुरुस्तीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. बॅटरी टिकणं हा कामाचा आणि पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच अपडेटनंतर चार्जिंग भराभर उतरू लागलं की घाईनं पैसे खर्च करण्याआधी खरं काय ते समजून घ्यायला हवं.

गैरसमज १ : अपडेटनं बॅटरी खराब केली.

वस्तुस्थिती : बॅटरीची झीज ही रासायनिक असते, ती एका रात्रीत होत नाही. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत बरंच काम करत असतो. सगळी ॲप्स नव्या प्रणालीशी जुळवून घेतली जातात, फोटोंची सूची नव्यानं बनते, ॲप्सचे स्वतःचे अपडेट उतरतात. या काळात फोन थोडा तापणं आणि बॅटरी कमी टिकणं स्वाभाविक आहे, असं ॲपलनंही आपल्या मदत-पानावर म्हटलं आहे. बहुतेकदा काही दिवसांत हे शांत होतं. यातली बरीच कामं फोन चार्जिंगला लावून निवांत ठेवलेला असतानाच होतात. काही तर वायफायची वाट पाहतात. दिवसभर फोन हातात आणि चार्जिंग तुकड्यातुकड्यानं, असं असेल तर हा काळ लांबतो. अपडेटनंतर दोन-तीन रात्री फोन चार्जरवर, जमल्यास वायफायवर, तसाच राहू द्या.

गैरसमज २ : नवा फोन घ्यावा म्हणून कंपन्या मुद्दाम बॅटरी संपवतात.

वस्तुस्थिती : सरसकट असं म्हणता येत नाही, पण हा संशय हवेतून आलेला नाही. बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ॲपलनं २०१७ मधल्या एका अपडेटनं त्यांचा वेग कमी केला आणि ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही. वर्षअखेरीस कंपनीला माफी मागावी लागली. फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२५ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ए फोनला आलेल्या अपडेटनं काही फोनची बॅटरी क्षमताच कमी झाली. कंपनीनं मोफत बॅटरी बदलून देण्यासारखे पर्याय दिले. त्याच महिन्यात, आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही ॲपलला नोटीस पाठवली. तक्रार केली तर दखल घेतली जाते, हे यातून दिसतं.

गैरसमज ३ : फोन तापतो म्हणजे दोष अपडेटचाच.

वस्तुस्थिती : आयफोनसाठी कंपनीनं सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात दुचाकीच्या होल्डरला अडकवलेला किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तर त्याहून जास्त तापतो. अशा उष्णतेनं बॅटरीची क्षमता कायमची घटते. अपडेटचा ताण आठवड्यात ओसरेल, उन्हानं झालेलं नुकसान भरून येत नाही. अपडेट रात्री किंवा पहाटे करा. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

गैरसमज ४ : ॲप्स सारखी बंद करत राहिलं की बॅटरी वाचते.

वस्तुस्थिती : ॲप पुन्हा सुरू करायलाही बॅटरी लागते. मागे पडलेल्या ॲप्सना झोपवण्याचं काम अँड्रॉइड २०१५ पासून स्वतःच करतं. खरा चोर शोधायचा तर सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा. कोणत्या ॲपनं किती टक्के खाल्ले, त्यातलं स्क्रीन बंद असताना किती, हे तिथे दिसतं. न वापरलेलं ॲप वरच्या क्रमांकावर असेल, तर ते अपडेट करा, त्याची लोकेशन परवानगी ‘वापरतानाच’ एवढी मर्यादित ठेवा किंवा ते काढून टाका.

नेटवर्ककडेही बघा. कोका-नागझिऱ्याच्या जंगलालगत सिग्नल क्षीण असेल, तर टॉवर गाठण्यासाठी फोन जास्त शक्ती खर्च करतो. ५जी येत-जात असेल तिथे ४जी निवडणं फायद्याचं.

गैरसमज ५ : अपडेट करूच नये.

वस्तुस्थिती : अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचं ॲप आहे, तो असुरक्षित ठेवणं बॅटरीपेक्षा महागात पडेल. सदोष अपडेटची दुरुस्तीही पुढच्या अपडेटनंच मिळते.

गैरसमज ६ : फोन रिसेट करा, नाहीतर बॅटरी बदला.

वस्तुस्थिती : हे शेवटचे उपाय आहेत. आधी फोन रीस्टार्ट करा, ॲप्स अपडेट करा, आठवडाभर वाट पाहा. रिसेटनं फोटो, चॅट सगळं पुसलं जातं, म्हणून बॅकअपशिवाय त्याला हात लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर ती आधीच थकलेली असू शकते. काही फोनमध्ये तिची शिल्लक क्षमता सेटिंग्जमध्येच दिसते. ती ८० टक्क्यांखाली गेली असेल तर बदलणं योग्य. बदलताना बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक पाहून, पक्कं बिल घ्या. मागचं झाकण उचललं गेलं असेल, स्क्रीन कडेनं वर आली असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्ज करू नका, दाबू नका. थेट दुरुस्तीला न्या.

आठवड्यानंतरही फरक पडला नाही, तर अपडेटची तारीख, सॉफ्टवेअरचा क्रमांक आणि बॅटरी पानाचे स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक लिहून ठेवा. पुढचा पाठपुरावा त्याच्याच आधारे होतो.