शोध रिकामा का येतो?

ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. तीत शब्द सापडला नाही, की तो विषय ग्रंथातच नाही असे आपण गृहीत धरतो. संगणकाच्या बाबतीत असेच गृहीत धरून मी एकदा मोठी चूक करणार होतो.

माझ्या बालरुग्णांच्या नोंदी मी ‘आर.डी.एफ.’ पद्धतीने ठेवतो. डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने १९९९ साली शिफारस केलेल्या या पद्धतीत प्रत्येक नोंद म्हणजे तीन पदांचे वाक्य : ‘अमुक बालक – निदान – गोवर’. अशा वाक्यांचे जाळे विणले जाते. नेमक्या प्रश्नाला ते नेमके उत्तर देते. परंतु मोकळ्या टिपणातील एखादा शब्द हुडकायचा, तर निराळी शब्दसूची लागते. ‘अपाचे जेना’ या विनामूल्य प्रणालीला त्यासाठी ‘ल्युसीन’ जोडता येते. मी ती जोडली आणि निश्चिंत झालो.

पुढे एका बालकाला औषध लिहिताना मी ‘पेनिसिलिन’ शोधले. काही आले नाही. मागे अंगावर गांधी उठल्या होत्या, हे आईने सांगितले म्हणून निभावले.

कारणे दोन निघाली. कोणत्या गुणधर्माची सूची करायची हे आपणच लिहून द्यावे लागते. मी ‘निदान’ लिहिले होते, ‘टिपण’ नाही. शिवाय जुन्या नोंदी सूची जोडण्यापूर्वीच्या होत्या, आणि सूची मागचे आपणहून वाचत नाही. ‘टेक्स्टइंडेक्सर’ चालवून ती नव्याने बांधावी लागते.

तीही बांधली, तरी शोध रिकामाच! टिपणात शब्द होता ‘पेनिसिलिनने’. आपली मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहिते. साध्या विश्लेषकाला ‘पेनिसिलिन’ आणि ‘पेनिसिलिनने’ हे दोन परके शब्द वाटतात. ‘पेनिसिलिन*’ असे तारांकित लिहिताच नोंद पुढे आली. ‘खोकला’ आणि ‘खोकल्याने’ यांसाठी ‘खोकल*’ लिहावे.

‘डांग्या खोकला’ आणि ‘पर्ट्युसिस’ एकच, हे मात्र तारांकनाने कळत नाही. ते काम जाळ्याचे. दोन्ही नावे एकाच रोगाला जोडावी लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘मेश’ शब्दसंग्रहात ‘हूपिंग कफ’ या मुख्य नावाखाली ‘पर्ट्युसिस’ असेच जोडलेले आहे.

आता नोंदी भरल्यावर, जुन्या टिपणात नक्की असलेला एखादा शब्द मी प्रथम शोधून पाहतो. तो आला नाही, तर त्या दिवशी कागदी वह्या काढतो.