नियुक्तीचा हुकूम आणि वैधतेचा दाखला

राखीव जागेवर निवड झालेल्या उमेदवाराने प्रांताधिकाऱ्यांकडून मिळविलेला जमातीचा दाखला आस्थापना शाखेच्या कारकुनाच्या स्वाधीन केला की कागदपत्रांचा सारा प्रपंच आटोपला, अशी समजूत सर्वत्र रूढ असली, तरी महाराष्ट्रात 18 ऑक्टोबर 2001 पासून अमलात आलेला जात प्रमाणपत्र अधिनियम तो दाखला पडताळणीच्या अधीन राहूनच ग्राह्य धरतो. इतकेच नव्हे, तर उमेदवारापाशी वैधता प्रमाणपत्र नसल्यास तपासणी समितीकडे अर्ज करण्याचे दायित्व सहाव्या कलमाने खुद्द नियुक्ती प्राधिकाऱ्यावर टाकले आहे. मग ते सरकारी खाते असो, जिल्हा परिषद असो वा अनुदानित संस्था.

अशी एक समिती नंदुरबारात आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, 2011 च्या जनगणनेप्रमाणे, शंभरांतील सुमारे 69 माणसे भिल्ल, पावरा, कोकणा, मावची आदी अनुसूचित जमातींची. तेव्हा आदिवासींच्याच मुलखात आदिवासीपणाचा पुरावा कशाला, असे कोणासही वाटेल. त्याचे कारण 1976 च्या कायद्यात सापडते. त्यापूर्वी काही जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. ते बंधन उठताच नामसाधर्म्याचा आधार घेऊन नवे दावे उभे राहू लागले. महादेव कोळी असल्याच्या अशाच एका दाव्यावरून, माधुरी पाटील प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने 2 सप्टेंबर 1994 रोजी समिती आणि पोलीस दक्षता पथक यांची रीत घालून दिली, व पुढे तीच अधिनियमात उतरली.

सिद्धतेचा भार दावेदारावर असतो. 6 सप्टेंबर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशापूर्वीच्या नोंदींना, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरला, कोतवाल बुकाला, जमिनीच्या दप्तराला, समिती विशेष मोल देते. आणि येथेच एक विपरीत न्याय घडतो. ज्याच्या आजोबांनी शाळेचा उंबरठा पाहिला नाही, ज्याचे गाव दीर्घकाळ वनगावच राहिले, त्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीच्या डोंगरातल्या पावऱ्याची जमात चालीरीतींतून, बोलीतून, कुलदैवतांतून उघड दिसत असताही त्याच्या पेटीत जुना कागद नसतो. बनावट दावेदाराची पेटी मात्र कागदांनी गच्च भरलेली असू शकते. वडिलांकडील रक्तनात्यातील कोणास वैधता मिळालेली असल्यास वाट सुकर होते, हे खरे; पण घराण्यातील पहिल्याच शिकलेल्या मुलाने ते नाते कोठून आणावे? जमातीशी असलेला सांस्कृतिक जिव्हाळा हीच एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले, तरी तपासणीत तिचे स्थान उरलेलेच आहे.

मला अधिक खटकतो तो आस्थापनांचा निवांतपणा. पडताळणीचा प्रस्ताव नियुक्तीच्या वेळीच पाठविण्याऐवजी तो वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिला, की कर्मचारी कायम होतो, बढती घेतो, आणि मग दावा फेटाळला गेल्यावर त्याच्या संसाराची करुणा पुढे केली जाते. 6 जुलै 2017 रोजी, भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ सेवेची ही ढाल नाकारली. त्यानंतर 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर वर्ग करून, रिकाम्या होणाऱ्या मूळ जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरण्याचे ठरविले. परंतु ती जागा प्रथम भरली गेली त्या वर्षी डावलला गेलेला अक्राणीतल्या धडगावचा उमेदवार एव्हाना वयोमर्यादा ओलांडून गेलेला असतो.