रस्टमधलं रोजच्या वापरातलं टूल: रिपग्रेप

व्हीएस कोडमध्ये अख्ख्या प्रोजेक्टभर एखादा शब्द शोधता ना? पडद्यामागे ते काम रिपग्रेप करतं. अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहून आणलेलं हे टूल. टर्मिनलवर ‘आरजी’ आणि हवा तो शब्द टाका. गिटइग्नोरमधल्या फाइल्स ते आपणहून वगळतं.

फोल्डर पिंजून काढायचं काम ते अनेक थ्रेड्समध्ये वाटतं. सी-प्लसप्लसमध्ये दोन थ्रेड एकाच वेळी त्याच मेमरीत लिहू लागले, तर बग शोधताना नाकी नऊ येतात. रस्टचा कंपायलर (‘अनसेफ’ वापरलं नसेल तर) असा कोड बिल्डच होऊ देत नाही. कटकट्या आहे खरा, सुरुवातीला जाम वैताग देतो! पण नेमकी ओळ दाखवून बहुतेक वेळा उपायही सुचवतो.

रस्ट शिकायचंय? आधी असंच एखादं छोटं कमांड-लाइन टूल लिहा. वेब सर्व्हर नंतर.