घरातला विषाणू : आधी साबण, मग हायपो

2020 साली कोरोनाच्या साथीत सोलापुरात जंतुनाशक फवारणीचा केवढा गाजावाजा झाला! त्याच वर्षी मेमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र सांगितले, की घरात फवारू नका, जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने पुसा. फवारा कानाकोपऱ्यात पोहोचत नाही, डोळे आणि श्वासनलिका तेवढी चुरचुरते.

धूळ, उलटी, थुंकी यांवर ओतलेले क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी साबणपाणी. मग 1 टक्का हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट : 5 टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर 33 टक्क्यांची असेल तर लिटरला 30 ग्रॅम. फरशी दहा मिनिटे ओली राहू द्या. सोलापूरच्या उन्हात द्रावणाचा जोर लवकर ओसरतो, त्यामुळे रोज ताजे करा, सावलीत ठेवा. नळ काही दिवसांआड येतो म्हणून आठवड्याचे एकदम कालवून ठेवू नका.

जुळे सोलापुरात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला बाथरूममध्ये अ‍ॅसिड ठेवलेलेच असते. खरा धोका तिथे आहे. हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नका. हातमोजे घाला, खिडक्या उघडा.

धातूचे नळ, कड्या, मोबाइल यांना 70 टक्के अल्कोहोल, पण गॅस पेटलेला नसताना. सोलापुरी चादरीला हायपो लावाल तर रंग जाईल. तिला साबण, गरम पाणी आणि गच्चीवरचे ऊन पुरते.