अफूच्या पैशातून उभे राहिलेले रुग्णालय

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण ज्या शेठच्या नावातली ही दोन अक्षरे आहेत, त्याच्या संपत्तीची मुळे आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म 1783 चा. सोळाव्या वर्षी आईवडील दोघेही गेले. मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या दुकानात त्यांनी काम धरले, म्हणून लोक त्यांना 'बाटलीवाला' म्हणत. पुढे चीनच्या पाच सफरी केल्या. 1805 साली चौथ्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. जार्डिनने पुढे डॉक्टरकी सोडली आणि तो चीनमधला अफूचा बडा व्यापारी झाला. जमशेटजी त्याला मुंबईहून माल पाठवू लागले. कापूस होताच, पण मोठा पैसा अफूत होता.

ही अफू कुठली? होळकर, शिंदे, धार, देवास या संस्थानांतली. कार्तिकात पेरणी, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा, रात्रभर चीक सुटायचा आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा. सुकू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवत. पेरणीच्या वेळी सावकार उचल देई, तीतूनच सारा भरला जाई. मग पीक त्याच्याच दारात. उचलीची ही रीत वाचकांना नव्याने समजावण्याची गरज नाही. पुढे तो माल बैलांवर लादून निघे. 1830 नंतर कंपनी सरकारने परवान्याची रक्कम घेऊन मुंबईचा रस्ता मोकळा केला.

पलीकडे चीनमध्ये घरेच्या घरे या व्यसनाने बसली. 1839 साली लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचाही माल होता. इंग्रजांनी त्यावरून युद्ध केले.

याच सुमारास जमशेटजींनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला होता: गरिबांसाठी रुग्णालय बांधा, मी एक लाख रुपये देतो, तेवढीच भर सरकारने घालावी. 1843 साली पाया घातला गेला आणि 1845 साली रुग्णालय उघडले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी लस केली तीही याच कॉलेजात, आणि 1897 च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. पत्नी अवाबाई यांचे नावही विसरू नये. माहीम-वांद्र्याच्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत. तिथल्या पुलासाठी त्यांनी 1,57,000 रुपये दिले आणि त्यावर जकात बसवू नये अशी अट घातली.

जमशेटजी 1859 साली वारले. त्यांना साधू ठरवावे असे मला वाटत नाही, आणि ढोंगी म्हणण्याचीही माझी तयारी नाही. त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता, हे खरे. पण चिनी सरकारने बंदी घातली होती, आणि ती मुंबईच्या पेढ्यांना ठाऊक होती, हेही तितकेच खरे. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांच्या पेढीचाही हाच व्यापार होता. त्या खाटांवर बरी झालेली माणसे मात्र खरी आहेत.

चीनला जाणारी अफू 1913 च्या सुमारास थांबली. आज मंदसौर, नीमच, रतलामकडे सरकारी पट्ट्यावरच पोस्त लावता येते. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्या चिकापासून मॉर्फिन निघते. गेल्या हिवाळ्यात कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ मी बसलो होतो. कितीतरी दिवस त्यांचा डोळा लागला नव्हता. डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केले आणि त्या रात्री ते पहाटेपर्यंत झोपले.