आधाराने मूल आळशी होत नाही

‘खुर्चीची सवय लावू नका हं, मग ते कधीच मान धरायचं नाही.’ सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी असलेल्या मुलाच्या आईला हे वाक्य सासूबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ऐकवतात. क्वचित एखादा डॉक्टरही ऐकवतो, तेव्हा मात्र खरंच चीड येते.

यामागचा समज असा, की मुलाला गरजच पडत नाही म्हणून ते बसत नाही. दोनचारदा पडू दिलं की शिकेल. पण सीपीत मूळ दोष आळसाचाही नाही आणि स्नायूंचाही नाही. वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, त्यामुळे कोणत्या स्नायूने कधी आवळायचं आणि कधी सैल सोडायचं, हे आदेशच विस्कटलेले असतात. अशा मुलाला भिंतीला टेकवून सोडून द्या. ढुंगण पुढे घसरतं, पाठीला पोक येतं, मान छातीवर पडते किंवा मागे फेकली जाते. अंगातली सगळी ताकद न पडण्यात खर्च होते. यात सराव कसला होतो? खात्री पटत नसेल, तर उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसा आणि सुईत दोरा ओवून पाहा.

आधाराची सुरुवात कमरेपासून होते, मानेपासून नव्हे. ढुंगण खुर्चीच्या पाठीला पार टेकलेलं, मांड्यांवरून कमरेचा पट्टा, गुडघे साधारण काटकोनात, तळवे पाटावर टेकलेले आणि कोपरांच्या उंचीवर ट्रे. एवढं नीट जमलं, की बऱ्याच मुलांचे हात मोकळे होतात, नजर वर येते. मान सावरण्याचा खरा सराव इथेच सुरू होतो, कारण आता त्याला एका वेळी एकच गोष्ट सांभाळायची असते. ताबा वाढेल तसा आधार कमी करायचा. किती आणि केव्हा, ते फिजिओथेरपिस्ट बघतात. आधार म्हणजे ओढणीने करकचून बांधणं नव्हे, आणि उत्तम खुर्चीतही दिवसभर बसवून ठेवणं चुकीचंच. बसणं, उभं राहण्याची चौकट, कुशीवर, पोटावर अशी स्थिती बदलत राहायला हवी.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, म्हणजे खुर्च्या विकणारे. ‘हिच्यात बसवलं की खुबा निखळणार नाही’ या दाव्याला भक्कम पुरावा नाही. खुब्याची काळजी मात्र खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सीपीच्या 323 मुलांची पाहणी झाली, ती 2006 साली प्रसिद्ध झाली. हालचालीच्या क्षमतेनुसार मुलांचे गट पाडले होते. चांगलं चालणाऱ्या पहिल्या गटात एकाचाही खुबा सरकलेला नव्हता. डोकं सावरणंही कठीण जाणाऱ्या पाचव्या गटात 90 टक्के मुलांचा सरकला होता. हे सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसत नाही, एक्स-रेतच कळतं. दक्षिण स्वीडनमध्ये 1994 पासून ठरावीक काळाने एक्स-रे काढून वेळेत उपचार सुरू झाले आणि खुबे पूर्ण निखळणं जवळजवळ थांबलं. आपल्याकडे किती पालकांना कोणी या एक्स-रेबद्दल सांगतं?

बाकीचे समज थोडक्यात. ‘जोरात मालीश करून पाय ओढले की मोकळे होतात’: संशोधक आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सीपीवरच्या उपचारांचा 2013 साली घेतलेल्या आढाव्यात नुसत्या हाताने ताणण्याचा उपयोग दिसला नाही, आणि रडणाऱ्या मुलाचं अंग आणखी कडक होतं. ‘आडवं झोपवून बोंडल्याने भरवलं की पोटात जातं’: मान मागे पडलेली असली तर ते श्वासनलिकेतही जातं, बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवा. ‘सरळ बस म्हणून ओरडलं की बसतो’: दोन सेकंद बसतो, कारण तेवढंच त्याच्या हातात असतं.

आणि खुर्ची म्हटलं की लाखाचीच हवी, असंही नाही. सरकारी कंपनी अलिम्को सीपी मुलांसाठी खुर्ची बनवते आणि पात्र कुटुंबांना ती दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळू शकते. चौकशी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात करा. मिळाल्यावर मात्र ती मुलाच्या मापाने बसवून घ्या आणि दर काही महिन्यांनी तपासा. पाय वाढतात, पाटाची उंची तीच राहते.